चूक कोणाची हे विचारायचं नाही

“बाई, तुमच्याशी दोन शब्द बोलायचे होते.”

धुळ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, भिंतीशी लावलेल्या लांब बाकावर मी एकटीच बसले होते. अठ्ठ्याण्णव सालचा मार्च महिना. सकाळचे साडेअकरा झाले असतील. सासूबाई नळावर तोंडावर पाणी मारायला गेल्या होत्या, आमचे वकील दुसाने साहेब आत दुसऱ्या कुणाच्या कामात होते. आमचा पुकारा व्हायला अजून वेळ होता.

समोर उभा असलेला माणूस पंचेचाळिशीचा असेल. पांढरा पायजमा, चुरगळलेला निळा शर्ट, हातात कापडी पिशवी. मी त्याला ओळखत होते. गेली दोन वर्षं प्रत्येक तारखेला तो असाच यायचा आणि आमच्यापासून दहा-बारा पावलं लांब, खांबाशी उभा राहायचा. माझ्याकडे कधी बघायचा नाही. एकनाथ सानप त्याचं नाव. सिन्नरकडचा. ज्या ट्रकच्या धडकेत माझा नवरा गेला, तो ट्रक चालवणारा.

“तुमच्या वकिलांना विचारून बोला,” मी म्हटलं.

“वकिलाचं काम नाही यात. वकील नकोच म्हणतील.” तो फरशीकडे बघत होता. “एकच गोष्ट इचारायची आहे. मग परत तोंड दाखवायचो नाही.”

मी नळाकडे पाहिलं. सासूबाईंची पाठ होती. “विचारा,” मी म्हणाले.

बाकावर जागा होती, पण तो बसला नाही. माझ्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला. आणि इतक्या हळू बोलला की मला वाकून ऐकावं लागलं.

“त्या दिवशी मी झोपलो होतो का?”

“म्हणजे?”

“इंदूरहून निघालो होतो. रातभर गाडी चालवली होती. सेंधवा सोडलं ते आठवतं. शिरपूरला चहा पिलो, पैसे दिले, तेही आठवतं. नरडाणा गेल्याचं जरा जरा आठवतं. त्याच्यापुढं काहीच नाही. एकदम तो आवाज, आणि मी गाडीखाली उतरून उभा. मधलं सगळं कोरं. मालक म्हणतो, तू जागा होता, कोर्टात तसंच सांग. वकील म्हणतो, तसंच सांग. सांगीन मी. पण मला ठाऊक नाही ना बाई. डुलकी लागली होती का मला?” त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही होत्या तिथं. काचेतून माझं तोंड दिसलं असंल तुम्हाला. माझे डोळे उघडे होते का मिटलेले, एवढंच सांगा. दुसरं कोणी नव्हतं हो तिथं. कुणाला इचारू?”

मी काही बोलायच्या आत नळाकडून सासूबाई येताना दिसल्या. त्यानंही त्यांना पाहिलं असावं. तो झटकन उठला आणि पिशवी छातीशी धरून पुन्हा आपल्या खांबापाशी जाऊन उभा राहिला.

माझं नाव हेमलता शिंपी. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. गेल्याच्या गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. माझे यजमान भालचंद्र शिंपी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. मोठ्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि कालवे, चाऱ्या, बांध शाईनं हुबेहूब उतरवून घ्यायचे, हे त्यांचं काम. हात इतका स्थिर की साहेब लोक त्यांचा कागद बघायला टेबलापाशी यायचे. ते असताना मी त्यांना नावानं हाक मारली नाही. आता लिहिताना मारते. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. देवपुरात दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघं आणि सासूबाई असे तिघं राहत होतो. सासूबाईंना सगळे जिजी म्हणत, मीही जिजीच म्हणायची.

शहाण्णवच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी अपघात झाला. पोलिसांच्या कागदावर होतं ते असं: सोनगीरच्या अलीकडे, एका खेड्याचा रस्ता हमरस्त्याला मिळतो तिथं, सकाळी पावणेनऊच्या सुमारास, इंदूरकडून भरधाव आलेल्या ट्रकनं स्कूटरला धडक दिली. स्कूटर भालचंद्र शिंपी चालवत होते. पत्नी मागे बसली होती. भालचंद्रांनी इस्पितळात शुद्धीवर असताना हवालदाराला तसा जबाब दिला, खाली अंगठा उठवला. सही करता येण्यासारखा हात राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. माझं डावं मनगट मोडलं होतं, दुसरं काही नाही.

दीड महिन्यानं माझी नणंद शैला आणि तिचा नवरा आम्हाला दुसाने वकिलांकडे घेऊन गेले. दुसाने साहेब सावकाश बोलणारे होते. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचे.

“कायद्यात दोन रस्ते आहेत,” ते म्हणाले. “पहिला सोपा. मोटारीच्या अपघातात माणूस गेला, एवढं दाखवलं की पुरे. ट्रकच्या विम्यातून ठरलेली रक्कम मिळते. चूक कोणाची हे विचारायचं नाही.”

“कोणाचीही असली तरी?” मी विचारलं.

“कोणाचीही. अगदी जाणाऱ्याची असली तरी. कोर्ट विचारतच नाही. सरकारनं मुद्दाम तशी सोय ठेवली आहे, की घरच्यांना निदान लगेच काहीतरी हाती यावं.”

जिजी तोवर गप्प होत्या. “माणूस गेला आणि चूक कोणाची ते विचारायचं नाही?” त्या म्हणाल्या. “हा कसला कायदा?”

“त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे, आजी. त्यात ट्रकवाल्याचा हलगर्जीपणा सिद्ध करायचा. भालचंद्र सरकारी नोकरीत होते, वय छत्तीस, बावीस वर्षांची नोकरी शिल्लक होती. भरपाई मोठी होईल. पण तिथं साक्ष लागते. मृताचा जबाब आहे, तो भक्कम आहे. आणि डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार एकच आहे. सूनबाई.”

“ती देईल साक्ष,” जिजी म्हणाल्या.

“पहिला रस्ताच पुरे नाही का?” मी म्हटलं. “मला अनुकंपावर नोकरी लागते आहे. आपल्याला दोघींना किती लागतं?”

जिजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही, माझं बोलणं समजलंच नाही अशा नजरेनं.

“माझा पोरगा ठरलेल्या रकमेचा होता का?” त्या म्हणाल्या. मग वकिलांना म्हणाल्या, “मला पैसे नकोत, साहेब. गल्लीत बाया म्हणतात, शिंप्याच्या पोरानं न बघता गाडी घातली. मला कोर्टानं म्हटलेलं ऐकायचं आहे, की माझ्या भालूची चूक नव्हती. बस्स.”

दुसाने साहेबांनी दोन्ही अर्जांचे कागद पुढे सरकवले. मी सही केली.

पहिल्या रस्त्याचा हुकूम एका वर्षानं झाला. त्या दिवशी मी रात्रीपासून उपाशी होते. आत गेल्यावर न्यायाधीशांनी कागद पाहिले, मृत्यूचा दाखला पाहिला, ट्रकचा विमा चालू होता ना ते पाहिलं आणि बाजूला बसलेल्या लघुलेखकाला चार ओळी सांगितल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. मी कठड्याला धरून उभी होते, तर पट्टेवाला म्हणाला, “बाई, झालं तुमचं. पुढच्यांना येऊ द्या.”

त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. व्हरांड्यात आले आणि तिथंच पायरीवर बसून राहिले. शैलाला वाटलं ऊन लागलं. तिनं मला उसाचा रस पाजला.

मग रोजचं सुरू झालं. मला त्याच कार्यालयात, आवक-जावकच्या टेबलावर नोकरी मिळाली. खिडकीजवळचं भालचंद्रांचं उतरतं टेबल तिथंच होतं. त्यावर आता एक नवा मुलगा काम करायचा. सगळे माझ्याशी फार चांगलं वागायचे. मी आले की हसणं थांबायचं. डबा खायला बायका मला मध्ये बसवून घ्यायच्या आणि माझ्यासमोर कोणी आपल्या नवऱ्याचं नाव काढायची नाही. हळूहळू मीच टेबलावर डबा खाऊ लागले.

घरी आल्यावर जिजींचं करायचे. त्यांना दात राहिले नव्हते, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागायची. गुडघ्यांना तेल लावून द्यायचे. डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे. जिजी शेजारच्या बायकांना सांगायच्या, “पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं ही माझं करते.” त्या असं म्हणाल्या की मी उठून स्वयंपाकघरात जायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची. आम्ही दोघी एका ताटात जेवल्यासारख्या राहत होतो, पण दोन वर्षांत मी त्यांच्याशी एकही खरं वाक्य बोलले नव्हते. त्यांच्याशीच काय, कोणाशीच.

आणि आता हा माणूस येऊन विचारत होता.

“काय म्हणत होता तो?” जिजी बाकावर बसत म्हणाल्या. पदरानं त्यांनी तोंड पुसलं.

“काही नाही.”

“माफी मागत असेल. द्यायची नाही.” त्या खांबाकडे बघत राहिल्या. “बघ कसा उभा आहे, जसं याचंच कोणी मेलं.”

मीही पाहिलं. सानप पिशवीच्या बंदाला गाठ मारत होता आणि सोडत होता. दोन वर्षं तो जवळजवळ बसूनच होता, हे मला मागाहून कळलं. त्याच्यावर फौजदारी खटलाही होता. पण परवाना अडकला म्हणून तो बसला नव्हता. मालकानं शेताच्या कामाला ट्रॅक्टर दिला होता, तोही त्यानं नको म्हटला. गाडीवर बसलं की त्याला वाटायचं, आता डोळा लागेल.

पुकारा झाला.

आत पंखा कुरकुरत होता. न्यायाधीश नवीनच बदलून आलेले, तरुण होते. तेवढ्यात येऊन पोचलेल्या शैलानं जिजींना मागच्या बाकावर बसवलं. विमा कंपनीचे वकील कागद चाळत होते. सानप दाराजवळ उभा राहिला. मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं, शपथ दिली. ईश्वराला साक्षी ठेवून खरं सांगेन, असं मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

दुसाने साहेबांनी मला सोपं जावं म्हणून अगदी घरातल्यासारखं विचारायला सुरुवात केली. नाव, वय, लग्न कधी झालं, यजमान काय करत. मी सांगत गेले. मग ते म्हणाले, “त्या रविवारी सकाळी तुम्ही दोघं स्कूटरवरून सोनगीरकडून धुळ्याला येत होतात. बरोबर?”

“हो.”

“तुम्ही कुठे बसला होतात?”

हा प्रश्न त्यांनी मला आदल्या दिवशी पाच वेळा विचारून घेतला होता आणि मी पाच वेळा ‘मागे’ असं उत्तर दिलं होतं.

“पुढे,” मी म्हणाले.

दुसाने साहेबांना वाटलं मी गोंधळले. “घाबरू नका, हेमलताबाई. नीट आठवून सांगा. यजमान पुढे होते आणि तुम्ही…”

“हे मागे होते. गाडी मी चालवत होते.”

लघुलेखकानं लिहायचं थांबवून न्यायाधीशांकडे पाहिलं. विमा कंपनीचे वकील उठायला निघाले होते, ते अर्धे उठलेले तसेच राहिले.

“बाई,” न्यायाधीश म्हणाले, “तुम्ही शपथेवर आहात. काय बोलता आहात ते समजून बोलता आहात ना?”

“हो साहेब.”

“तुमच्याकडे परवाना होता?”

“नाही. मी शिकत होते.”

मग मी सांगितलं. दोन वर्षांत मनातल्या मनात इतक्या वेळा सांगितलं होतं की शब्द शोधावे लागले नाहीत. भालचंद्रांनी जुनी, बिनगिअरची स्कूटर घेतली होती. बायकोला गाडी आली पाहिजे, असं त्यांना फार वाटायचं. मला अंगणवाडीतल्या नोकरीचं बघायचं होतं, गाव लांब होतं, म्हणून. रविवारी सकाळी ते मला खेड्याच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायचे आणि मागे बसून शिकवायचे. त्या दिवशी मला पहिल्यांदाच चांगली जमली होती. वाऱ्यानं पदर उडत होता आणि मी हसत होते. हमरस्ता दिसायला लागला तसे ते म्हणाले, “थांब आता. पुढं मी घेतो.”

मी म्हटलं, “जमतंय मला.”

ते म्हणाले, “हेमा, थांब.”

मी थांबले नाही. मला त्यांना दाखवायचं होतं. मी उजवीकडे पाहिलंच नाही.

“ट्रक वेगात होता का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“माहीत नाही. पण ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवला होता. तीन वेळा. मला ऐकू आला होता.” मी दाराकडे वळले. कोर्टात असं वळून बोलायचं नसतं, हे मला ठाऊक नव्हतं. “तुम्ही झोपला नव्हता. तुमचे डोळे उघडे होते. मी पाहिले.”

सानप दाराजवळ उभा होता तो भिंतीला घासत खाली बसला. पट्टेवाल्यानं त्याला दंडाला धरून उठवलं.

“मग मयताचा हा जबाब?” न्यायाधीशांनी कागद उचलला. “यात तर…”

“हवालदार यायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं होतं. बोलायला त्रास होत होता. म्हणाले, ‘तू मागे बसली होतीस. लक्षात ठेव.’ एवढंच म्हणाले. मग हवालदार आले.”

मला बोलताना रडू आलं नाही. मी मागच्या बाकाकडे पाहायचं टाळत होते. पण उतरताना पाहिलंच. जिजी समोर बघत होत्या, न्यायाधीशांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे. त्यांना त्या घड्याळाचे काटे दिसत नव्हते, हे मला माहीत होतं.

व्हरांड्यात दुसाने साहेबांनी मला बाजूला घेतलं. ते चिडले नव्हते, थकल्यासारखे दिसत होते. “मला आधी सांगायचं होतं,” ते म्हणाले. “वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही. मी हा दावा पुढे नेलाच नसता. पहिल्या हुकुमावर थांबलो असतो. मिळालं ते मिळालं होतं. तुम्हाला कोणी विचारलंच नसतं, बाई. कोणी विचारलंच नसतं.”

“हो,” मी म्हटलं. “दोन वर्षं कोणीच विचारलं नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते आत निघून गेले.

फाटकापाशी रिक्षा मिळेना. शैला जिजींना घेऊन सावलीत उभी होती. माझ्याकडे पाठ करून. मी रस्त्याच्या कडेला थांबले होते, तेव्हा सानप आला. त्याचे डोळे लाल झाले होते. तो हात जोडायला गेला, पण जोडलेले हात त्यानं लगेच सोडले, जसं काही ते बरोबर दिसणार नाही.

“बाई, हे काय केलं तुम्ही?” तो म्हणाला. “मला नुसतं कानात सांगितलं असतं तरी पुरे होतं. मी कुणाला बोललो नसतो हो. आईच्यान नसतो बोललो. मला फक्त माझ्यापुरतं पाहिजे होतं.”

हे मला सुचलंच नव्हतं.

“खरंच उघडे होते डोळे?” त्यानं पुन्हा विचारलं.

“उघडे होते. तुम्ही ओरडत होतात. काय ते मला ऐकू आलं नाही.”

“बाजूला व्हा म्हणत असंन,” तो म्हणाला. थोडा वेळ उभा राहिला आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. फौजदारी खटल्यातून तो सुटला, ते दुसाने साहेबांनी कळवलं. पुढचं मला माहीत नाही.

रिक्षात आम्ही तिघी एका बाकावर बसलो होतो. जिजी मध्ये. खड्ड्यात गाडी आदळली की त्यांचा खांदा माझ्या खांद्यावर येत होता आणि त्या तो ताबडतोब काढून घेत होत्या. घरी आल्यावर शैला शेजारी टेलिफोन करायला गेली. मी जिजींना पाणी दिलं. त्यांनी पेला घेतला नाही.

“म्हणजे माझ्या भालूची चूक नव्हती,” त्या म्हणाल्या.

“नव्हती, जिजी. काहीच नव्हती.”

“मरताना खोटं बोलला. जन्मात कधी बोलला नाही.” मग म्हणाल्या, “दोन वर्षं तू मला जेवू घातलं. पायाला तेल लावलं. ते माझ्यासाठी केलं का त्या गाडीसाठी?”

मी पेला हातात धरून उभी होते. मला खोटं सांगता आलं असतं. त्या दिवशी ते शिल्लक राहिलं नव्हतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

जिजींनी मान हलवली. शैला आली तेव्हा त्या म्हणाल्या, “माझी पातळं बांध.” संध्याकाळच्या गाडीनं शैला त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. जाताना मी डोळ्यांच्या औषधाची बाटली शैलाच्या पिशवीत टाकली आणि किती थेंब ते सांगितलं. शैलानं मान डोलावली.

दावा निकाली निघाला. पहिल्या रस्त्यानं मिळालेली रक्कम तशीच राहिली. ती कोणाची चूक न विचारता दिलेली होती, त्यामुळे परत मागता येत नाही, असं दुसाने साहेब म्हणाले. मी सगळी जिजींच्या नावावर करून दिली. आता पोलीस येतील, असं मला वाटत होतं. परवाना नसताना गाडी चालवली, माणूस गेला, पोलिसांना खरं सांगितलं नाही. रोज कार्यालयात दारात कोणी उभं राहिलं की मी पेन खाली ठेवायची. मी वर्षभर वाट पाहिली. कोणी आलं नाही. कोर्टातली गोष्ट कार्यालयात पसरली तेव्हा बायका माझ्याशी आणखीच हळू आवाजात बोलू लागल्या, आणि मग कामापुरतंच बोलू लागल्या.

दर महिन्याला मी जिजींना पत्र टाकायची. दोन ओळींचं. तब्येत कशी आहे, थेंब संपले असतील तर पाठवते. उत्तर यायचं नाही. सतरा पत्रं गेली.

अठरावं टाकण्याऐवजी मीच गेले. शैलाचं गाव शिंदखेड्याच्या पुढं, तापीच्या अंगाला आहे. रविवार होता. दोन गाड्या बदलून पोचायला दुपार झाली. फाट्यावरून घर दिसतं इतकं जवळ. शैलानं दार उघडलं, क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग बाजूला झाली. पाणी दिलं. चहा ठेवला. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. आतल्या खोलीच्या दाराला फुलांचा पडदा होता. पडद्याखालून खाटेचे पाय दिसत होते, आणि खाटेवरून खाली सोडलेली जिजींची पावलं. टाचा भेगाळल्या होत्या.

“आई, वहिनी आली आहे,” शैला पडद्याशी जाऊन म्हणाली.

पावलं हलली नाहीत.

मी चहा घेतला. शैलानं मुलांच्या शाळेचं सांगितलं, मी कार्यालयाचं सांगितलं. मग सांगण्यासारखं दोघींकडे उरलं नाही. मी आणलेले केळ्यांचे वेफर्स आणि औषधाची बाटली टेबलावर ठेवली. असा दीड-दोन तास गेला. पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

साडेचार वाजले तशी मी उठले. पिशवी घेतली. “निघते, शैला. पाचची गाडी मिळेल.”

ती दारापर्यंत माझ्यासोबत आली. मी चपला पायात सरकवत होते, तेव्हा पडद्याआडून आवाज आला. दीड वर्षानं ऐकत होते मी तो.

“तिला म्हणावं, रविवारी पाचची गाडी नसते.”

शैलानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. दुपारी उतरताना मी कंडक्टरला दोनदा विचारून घेतलं होतं. पाचची गाडी रविवारीही होती; आणि शैलाला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मी चपला काढल्या. आत येऊन खुर्चीवर बसले, पिशवी पायाशी ठेवली. शैला तांदूळ निवडायला घेऊन बसली. अर्ध्या तासानं फाट्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी निघाली, आणि तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. आम्ही तिघींनी तो ऐकला.